दोन रेघा, एक टिंब

प्रिय साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. पत्राच्या डोक्यावर हा नमस्कार आपण सगळेच घालतो, आणि घालताना कोणी खुर्चीतून उठतही नाही. माझा या वेळचा नमस्कार मात्र अक्षरशः खरा आहे. या मंगळवारी सकाळी साडेनऊपासून सव्वाअकरापर्यंत मी माझ्या कामाच्या टेबलाखाली आठही अंगं फरशीला टेकवून पडलो होतो, तोंडात बॅटरी धरून. (बॅटरी दातांत धरू नये, पुढचे दात सरकतात, हे मी गेली वीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे.) त्यातलाच अर्धा नमस्कार तुम्हाला पाठवतो आहे. उरलेला अर्धा देवाला घातला, पण त्याच्याकडून अजून काही उत्तर नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? मैदानावर धावताना पट्टा बांधत जा. ताईंच्या मागच्या दाढेची टोपी व्यवस्थित आहे ना? हलणार नाही म्हणा, मी केलेली टोपी माणसाआधी हलत नाही. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर सोमवारपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि दारावरची घंटा वाजली की मी न्हाणीघरात शिरतो. ही विचारते काय झालंय, मी म्हणतो पित्त. काल तिने मला पित्तावरचं औषध चमचाभर पाजलं आणि मी ते मुकाट्याने प्यायलो, यावरून काय ते ओळखा.

हे पत्र तुमच्या घरी न पाठवता पंचमंडळाच्या कचेरीत का पाठवलं, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन ताई उचलतात. उचलला की मी बोललेलं प्रत्येक वाक्य त्या तुमच्यासाठी मोठ्याने परत म्हणतात. ताईंच्या कानापासून त्यांच्या वडिलांच्या कानापर्यंत बातमी जायला पाच मिनिटं पुरतात, हे मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. म्हणून कागदाचा आसरा घेतला. वाचून झाल्यावर फाडून टाका, आणि वाचताना शिट्टी वाजवू नका.

प्रकरण आपल्या सासऱ्यांचं आहे, आणि त्यांच्या नाण्याचं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. क्रमाने सांगितलं नाही तर यात माझी चूक फारशी नाही हे तुमच्या लक्षात येणार नाही. बाबा मोजणी खात्यात असताना एका उजाड माळावर खुंटी ठोकत होते. खुंटी कशावर तरी अडली, माती उकरली, तर खाली तांब्याचं नाणं. एका बाजूला राजाचा चेहरा, त्याला नाक नाही. (ते त्या खुंटीनेच उडवलं असणार असा माझा चौदा वर्षांचा संशय आहे, पण बोलायची प्राज्ञा नाही.) दुसऱ्या बाजूला एक चार पायांचा प्राणी. बाबा त्याला घोडा म्हणतात, सासूबाई बकरी म्हणतात, ही लहानपणापासून कुत्रा म्हणत आली. मी जावई असल्यामुळे मला मत नाही. कडेला चार अक्षरं होती, ती इतकी झिजलेली की हात फिरवला तर कळतात आणि पाहिलं तर दिसत नाहीत. त्या दिवसापासून चाळीस वर्षं बाबा एकाच गोष्टीच्या मागे आहेत, हे नाणं कोणाचं. नऊ वह्या भरल्या. मोठमोठ्या तज्ज्ञांना पत्रं गेली. उत्तरं आली ती सगळी एकाच चालीची : छायाचित्र अस्पष्ट आहे, कळावे. आपली दोन्ही लग्नं झाली, नोकरी संपली, दात गेले, पण पत्र्याच्या डबीतला तो बिननाकाचा राजा काही ओळख देईना. कोणालाही ठाऊक नसलेला राजा आपल्या खुंटीला लागला, या एका समजुतीवर बाबा रोज सकाळी उठतात असं सासूबाई म्हणतात, आणि त्या हे चिडून म्हणतात की काळजीने, हे मला कधी कळलेलं नाही.

आता माझं आणि त्यांचं. तुम्ही दारात आलात की ते ‘या, पंच’ म्हणतात आणि पेपर बाजूला ठेवतात. मी आलो की पेपरच्या आतून ‘कोण, दातवाले का?’ असं येतं. चौदा वर्षं मी दातवाले आहे. मी दंतवैद्य नाही, दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून दात करणारा माणूस आहे, हा फरक त्यांनी लग्न ठरतानाच पक्का समजून घेतला होता आणि तो ते विसरलेले नाहीत. सहा वर्षांपूर्वी त्यांची वरची कवळी मी केली. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ते कवळी घेऊन माझ्याकडे येतात. तक्रार एकच : वाजते. सुरुवातीला मी रंगीत कागद चावायला देऊन नीट तपासायचो. काही सापडायचं नाही. घासत गेलो असतो तर एव्हाना तिचा कागद झाला असता. म्हणून हल्ली मी त्यांच्याकडे पाठ करतो, घासायचं चाक चालू करतो, कवळी चाकापासून वीतभर लांब धरतो, दहा मिनिटं नुसता आवाज करतो आणि धुऊन परत देतो. ते तोंडात बसवून दोनदा जबडा मिटतात आणि म्हणतात, हं, आता बरी आहे. मग स्टुलावर बसून अर्धा तास माझ्या हातांकडे बघत राहतात. एक शब्द नाही. तुम्ही मैदानावर बावीस जणांना सांभाळता, पण या अर्ध्या तासात तुमचाही घसा कोरडा पडेल.

तर असा हा माणूस पाच आठवड्यांपूर्वी ती डबी घेऊन माझ्या खोलीत आला. वस्तुसंग्रहालयात नव्याने आलेल्या तज्ज्ञबाईंनी कळवलं होतं की छायाचित्र नको, चांगला ठसा पाठवा. बाबांनी डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, तुम्ही हिरड्यांचा ठसा घेता, त्यात बारीकसारीक सगळं येतं म्हणे. याचा घ्याल? साडूभाऊ, चौदा वर्षांत त्यांनी माझ्याकडे कवळीखेरीज मागितलेली ही पहिली गोष्ट. मी दोन्ही हात धुतले. ठशाचं गुलाबी मिश्रण इतकं जपून कालवलं की स्वतःच्या मुलीच्या दातांसाठीही तेवढं कालवलं नसेल. त्यात प्लास्टर ओतलं, आणि निघालं ते असं निघालं की झिजलेली अक्षरंसुद्धा उजेडात तिरपं धरल्यावर उठून दिसायला लागली. बाबांनी ते प्लास्टर कापसात गुंडाळलं, काही न बोलता नेलं आणि टपालाने बाईंना धाडलं. नाणं मात्र आणखी दोन दिवस माझ्याकडेच ठेवून गेले, न जाणो ठसा फुटलाच तर दुसरा घ्यावा लागेल म्हणून.

इथेच माशी शिंकली. आमच्या धंद्यात मूळ वस्तूवर कोणी हात चालवत नाही. मूळ दात माणसाच्या तोंडात असतात आणि माणूस घरी गेलेला असतो, म्हणून आधी ठसा, ठशातून साचा, मेणाचा नमुना, नमुन्यावरून धातू, हे हाताच्या हाडात मुरलेलं. ठसा समोर होता. मेण कोमट होतं. भट्टी तापलेली होती. मी कधी त्या ठशात मेण भरलं आणि कधी पिवळा धातू ओतला, ते मलाच कळलं नाही. (स्वस्तातल्या टोप्यांना वापरतो तो. रंग तांब्याच्या जवळपास, आणि काळपट करायचं औषध लावलं की कोणीही फसावं.) कडेला धातू शिरायच्या वाटेचा देठ राहतो, तो कापला, कानशीने घासला. झालं, नाण्याला जुळा भाऊ मिळाला. आणि मेण गार होत असताना माझ्या हाताने आणखी एक गोष्ट केली, जी तो सव्वीस वर्षं करत आला आहे. प्राण्याच्या पोटाखाली सुईने खूण कोरली. दोन रेघांचा कोपरा आणि आत एक टिंब. माझे उस्ताद म्हणायचे, तोंडात गेलं की सगळं सारखंच दिसतं, आपलं काम आपल्याला ओळखता आलं पाहिजे. म्हणून माझ्या हातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर, जिथे जीभ पोचत नाही अशा जागी, ती खूण असते. ताईंच्या टोपीवरही आहे, आतल्या अंगाला.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि ताई आलात. तुम्ही म्हणालात, हल्लीची नाणी नाणेफेकीला अगदी हलकी, वाऱ्यावर जातात, संघनायक वाद घालतात. माझ्या तबकात दोघं भाऊ शेजारी शेजारी पडलेले होते. मी मोठ्या मनाने म्हणालो, यातलं नक्कल केलेलं घेऊन जा, एका बाजूला राजा आहे, एका बाजूला जनावर आहे, तुमचं काम भागेल. तुम्ही दोन्ही उडवून पाहिलीत आणि, हे जास्त स्वच्छ गिरकी घेतं, म्हणून एक खिशात टाकलंत. मला फक्त खूण पाहायची होती. पण माझ्या एका हातात प्लास्टरचं भांडं होतं, आणि प्लास्टर चार मिनिटांत दगड होतं, ते कोणाच्या साडूसाठी थांबत नाही. वर ताई दारातून म्हणत होत्या, चला हो, गाडी चुकेल. उरलेलं नाणं मी चष्मा न लावता डबीत घातलं. संध्याकाळी ही डबी बाबांना देऊन आली. तुम्हाला दोष देत नाही, पण इतकी वर्षं नाणी उडवणाऱ्या माणसाने नेमकं अस्सल नाणं गिरकीवरून ओळखावं आणि स्वतःला पत्ता लागू नये, हे जरा जास्तच झालं.

सोमवारी सकाळी बाबांचा फोन. दातवाले, असाल तसे या. मी एप्रनसकट गेलो. त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या! त्या खुर्चीत मी सासूबाईंनासुद्धा बसलेलं पाहिलेलं नाही. समोर दिवा, दिव्याखाली नाणं, हातात भिंग. म्हणाले, प्राण्याच्या पोटाखाली बघा. मी पाहिलं. दोन रेघा. टिंब. भिंगातून माझी खूण बशीएवढी मोठी होऊन माझ्याकडे बघत होती. बाबा माझ्या मागे उभे राहून सांगत होते की चाळीस वर्षांत हे आपल्याला दिसलं नाही, आता औषधाने धुतल्यावर दिसलं, हे टांकसाळीचं चिन्ह असणार, आणि असलं चिन्ह कुठल्याच पुस्तकात नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय असेल हे? मी म्हणालो, आज उकडतंय फार. त्यांनी पुन्हा विचारलं. मी खिडकी उघडू का म्हणून विचारलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिडकी स्वतःच उघडली.

मंगळवारचा साष्टांग नमस्कार तो हा. मी कदाचित दोन नकला केल्या असतील आणि अस्सल अजून इथेच कुठे तरी पडलं असेल, अशी वेडी आशा होती. टेबलाखाली मला तीन दाढा, एक सुळा, हरवली म्हणून मी एका फिरत्या विक्रेत्यावर आळ घेतला होता ती चिमट्यांची जोडी (त्याची आता मनातल्या मनात माफी मागितली), एवढं सापडलं. नाणं नाही. मेण तोलून पाहिलं. एकाच नाण्याइतकं कमी झालं होतं.

बुधवारी ठरवलं की सांगून टाकायचं. आरशासमोर चार प्रकारे सांगून पाहिलं. दोन प्रकारांत मी रडतो, एकात हसतो, आणि चौथ्यात सगळं तुमच्यावर ढकलतो. (चौथा सगळ्यात सहज जमत होता.) गेलो, तर बाबा टेबलापाशी लिहीत बसलेले. म्हणाले, बरं झालं आलात, ऐका. बारा पानांचा लेख! त्या चिन्हावर! मी उभाच होतो, त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. पुन्हा तीच. चौथ्या पानावर थांबून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, इथे काही शंका आहे का तुम्हाला? साडूभाऊ, हीच वेळ होती. वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मी म्हणालो, अक्षर फार सुंदर आहे तुमचं. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि पाचवं पान काढलं. आठव्या पानावर पुन्हा तसंच थांबले. मी पुन्हा अक्षराचं कौतुक केलं. शेवटच्या पानावर आभार आहेत. त्यात एकाच माणसाचा उल्लेख आहे, आणि तो ‘ज्यांच्या हाताशिवाय हे चिन्ह उजेडात आले नसते ते माझे धाकटे जावई’ असा आहे. दातवाले नाही, जावई. चौदा वर्षं मी ज्या शब्दाची वाट पाहिली तो मिळाला, आणि कशावर मिळाला, तर माझ्याच लबाडीवर. मी कसाबसा जिना उतरलो. फाटकापाशी पाच मिनिटं सायकलचं कुलूप उघडत होतो, मग कळलं की मी पायी आलो होतो.

आणि काल गुरुवारी चार वाजता तज्ज्ञबाई आल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, चहाला नको म्हणणाऱ्या. बाबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, ठसा तुमचा आहे, तुम्ही हवेतच. बाईंनी पिशवीतून इवलासा तराजू काढला, नाणं तोललं, पुन्हा तोललं. भिंग लावलं, काढून पुसलं, पुन्हा लावलं. मग नाणं दोन बोटांत उभं धरून कडेवरून नख फिरवायला लागल्या, सावकाश, सगळीकडून, आणि ते नख बरोबर तिथे येऊन थांबलं जिथे मी देठ घासला होता. सासूबाई बिस्किटांची बशी धरून तशाच उभ्या. बाईंनी मान न उचलता मला विचारलं, आपण काय करता? मी म्हणालो, दात. त्या म्हणाल्या, हं. मग त्या बाबांकडे वळून अगदी आदराने म्हणाल्या की हे चिन्ह जगातल्या दुसऱ्या कुठल्याही नाण्यावर मी पाहिलेलं नाही. (खरंच आहे. कसं पाहणार?) बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी बशी खाली ठेवली. बाई म्हणाल्या, मत आज देत नाही, वीस तारखेला संग्रहालयात या, तिथे धातू तपासायचं यंत्र आहे. आणि निघताना दारात, थेट माझ्याकडे बघून, या नाण्याच्या संबंधात घरात जे जे असेल ते सगळं घेऊन या. ‘सगळं’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

माझा पिवळा धातू कारखान्यात होतो, साडूभाऊ. त्यात काय काय आहे ते खोक्यावर छापलेलं असतं. यंत्राला श्वास घ्यायचीही गरज नाही. मग बाबा तिथे, त्या बाईंसमोर, हातात बारा पानं घेऊन उभे असतील. माझं जे व्हायचं ते होवो, मी दातवाले म्हणून आलो आणि दातवाले म्हणूनच राहीन. पण ऐंशी वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं एका नाण्यापाशी बसला, आणि त्याने पहिल्यांदा विश्वासाने ते दुसऱ्याच्या हातात दिलं तर त्या हाताने हे केलं. मला हे सहन होत नाही. मला तो माणूस आवडतो. हे मी हिलाही कधी सांगितलेलं नाही, तुम्हालाच लिहितो आहे, आणि तेही पंचमंडळाच्या पत्त्यावर.

असो. इकडची काळजी नसावी. ताईंना नमस्कार, मुलांना पापा. गुडघ्याला पट्टा बांधणे.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. नाणेफेकीचं ते नाणं आत्ताच्या आत्ता खिशातून काढून उजेडात धरा. प्राण्याच्या पोटाखाली कोपरा आणि टिंब नसेल, तर तुम्ही पाच आठवडे एक राजा चिखलात उडवत आहात. पुसू नका, घासू नका, थुंकी तर मुळीच लावू नका. कापसात गुंडाळून, सोबत पाठवलेल्या कवळीच्या डबीत घाला आणि वीस तारखेच्या आत धाडा. डबीवर ‘कवळी, वापरलेली’ असं मी लिहूनच ठेवलं आहे, म्हणजे ताई उघडणार नाहीत. मी ते गुपचूप बाबांच्या डबीत ठेवीन आणि माझं काढून भट्टीत टाकीन. रविवारच्या सामन्याला साधं नाणं घ्या.

आणखी ता. क. : नाणं हरवलं असेल तर तसं लिहू नका, माझ्याने वाचवणार नाही. ‘गुडघा दुखतो’ एवढंच लिहा. आणि तुम्ही मनात म्हणाल की एवढी खटपट करण्यापेक्षा हा माणूस सरळ जाऊन सांगत का नाही. तेच मीही मला विचारतो आहे. तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, सांगावं. आणि तिन्ही वेळा वाटलं, सांगितलं की ती खुर्ची गेली.

आणखी एक ता. क. : घात झाला. आज शुक्रवार, तरीही बाबा आत्ता दारात उभे आहेत, हातात कवळीचा रिकामा पेला. वाजते म्हणे. पत्र प्लास्टरच्या भांड्याखाली सरकवतो आहे. आता चाकाकडे तोंड करून दहा मिनिटं आवाज करतो. उरलेलं मग.

(यापुढचं हस्ताक्षर माझं आहे, तुमच्या सासऱ्याचं.)

चि. पंच यांस,

अनेक आशीर्वाद. कवळी यांच्या हातात असल्यामुळे मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो. भांड्याखालून कागद बाहेर दिसत होता. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला ठाऊक आहे, पण वाचलं. ते तिकडे पाठ करून उभे आहेत आणि कवळी चाकापासून वीतभर लांब आहे, तीही मला समोरच्या काचेत दिसते आहे. गेली पाच वर्षं दिसते आहे.

पहिली गोष्ट, नाणं पाठवू नका. बाईंनी ते नुसत्या ठशावरून ओळखलं. चाळीस वर्षांत कोणाला वाचता आली नाहीत ती अक्षरं त्या प्लास्टरमध्ये वाचता आली, असं त्यांचं पत्र गेल्या शनिवारी दुपारी मला आलं. अज्ञात वगैरे काही नाही. त्या राजाच्या नाण्यांनी त्यांच्याकडे दोन खण भरले आहेत. मागच्या बाजूचा प्राणी बैल आहे. रविवारी मी कोणाशी बोललो नाही. बाईंचं उत्तर येईपर्यंत डबी उघडायची नाही असं ठरवलं होतं; सोमवारी ती माळ्यावर टाकायची म्हणून शेवटची उघडली, तर आत दोन रेघा आणि टिंब. ही खूण माझ्या टाळूला सहा वर्षं आहे. रोज सकाळी पेल्यातून काढताना बघतो. मला ओळखायला भिंग लागलं नाही. त्या दिवशी मी मोठ्याने हसलो, तुमच्या सासूबाई बघायला आल्या.

वाटलं, बोलावलं की सांगतील. खुर्ची दिली, तर यांना उकडायला लागलं. बारा पानं लिहिली, वाटलं चौथ्या पानावर कबूल होतील. शेवटी बाईंना विनंती केली, जरा कडेवरून नख फिरवा. तरी नाही. वीस तारखेपर्यंत वाट बघेन. तुम्ही नाणं पाठवलं नाहीत तर त्यांना माझ्याकडे सांगायला यावंच लागेल, म्हणून पाठवू नका. खुशाल उडवा. मी ते चाळीस वर्षं डबीत कोंडलं, आता जरा हातोहात फिरू दे. माझ्या डबीत आहे ते मला पुरे. बैलाची नाणी ढिगाने आहेत. हे एकच आहे, आणि ते कोणी पाडलं हे मला माहीत आहे. बाराव्या पानावरचे आभार मी खरे लिहिले आहेत, ते तसेच राहतील. खुर्ची कुठे जात नाही.

पाकीट मी चिकटवतो आणि वाटेत पेटीत टाकतो. टाकायला नेतो म्हटलं तर नको म्हणायची यांची हिंमत होणार नाही. यातलं काही त्यांना कळवू नका. बैलाचं तुमच्या सासूबाईंना कळवू नका, त्या अजून बकरीवर ठाम आहेत.

चाक थांबलं. एवढंच लिहितो की कवळी पहिल्या दिवसापासून उत्तम बसली आहे, कधीही वाजलेली नाही. पण तसं म्हटलं तर शनिवारी इथे येऊन बसायला दुसरं काय सांगू? तेही त्यांना कळवू नका.